सुकतीच्या वेळा

२०११ साली करंजाड्याजवळच्या एका बांधकाम साइटचं खाडीकडचं तारेचं कुंपण चार दिवसांत चार वेळा कापलं गेलं. मी तिथे सिक्युरिटी ऑफिसर होतो. पहिली तार सोमवारी सकाळी सहाला, ड्युटी बदलताना कापली गेली. तेव्हा गेटवर वॉचमन बाळाराम होता.

प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, "शनिवारपर्यंत चोर द्या. नाहीतर बाळाराम घरी."

बाळाराम एवढंच म्हणाला, "साहेब, मी हात नाय लावला."

मी क्रिमिनॉलॉजीचा डिप्लोमा केला होता. त्यातली एक थिअरी सांगते, गुन्ह्याला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: करणारा, वस्तू आणि राखणीतली फट. मी फट शोधली. ड्युटी बदलताना दोन माणसं उभी केली. मंगळवारी तार कापली गेली पावणेसातला. बुधवारी साडेसातला. गुरुवारी सव्वाआठला.

"तुमच्या पुस्तकात चोराचं नाव असतं का?" मॅनेजरांनी विचारलं.

मी परत कुंपणाशी गेलो. भंगारवाला तार कापून घेऊन जातो. इथे तळाच्या दोनच तारा कापलेल्या होत्या आणि तुकडे तिथेच पडले होते. राऊंडच्या वॉचमनने लिहिलेल्या वेळा रजिस्टरात पाहिल्या. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकत होती. ड्युटी सरकत नाही. भरती-ओहोटी सरकते.

शुक्रवारी नऊला मी तिथे बसलो. सुकती लागून खाडी ओसरली होती. खेकड्यांची पाटी आणि तार कापायची पक्कड घेऊन एक कोळीण आली.

"मावशी, तार का कापता?"

"तू का बांधतो? रोज बांधतो, मना रोज वाकायला लागतं." तिने पाटी खाली ठेवली. "सुकती दोन तास. तुमच्या मोठ्या गेटावरून फिरून गेले तं चिंबोऱ्या कवा धरू? वाट आमची जुनी हाय."

दुसरी एक थिअरी आहे: माणसाची गरज कायम ठेवून सरळ वाट बंद केली, की तो वाकडी काढतो. ती मी परीक्षेत लिहिली होती. कुंपणाच्या नकाशावर सही करताना आठवली नव्हती.

मॅनेजर म्हणाले, "केस करा."

"केली तर उद्या दुसरी बाई कापेल."

"मग काय, गेट लावून देऊ? हार घालून?"

"हाराशिवाय चालेल."

त्यांनी नकाशावर त्या जागी खूण केली. मग फॅब्रिकेटरला फोन लावला.

शनिवारी तिथे लहान गेट बसलं. किल्ली बाळारामकडे दिली. रजिस्टरात तिथीप्रमाणे सुकतीच्या वेळा लिहिल्या. वेळा मावशीने सांगितल्या. मी आणखी पाच महिने त्या साइटवर होतो. तार पुन्हा कापली गेली नाही. मी साइट सोडली त्या दिवशी लहान गेटवर बाळारामची ड्युटी होती.