गळलेली ओळ

माझे वडील सदर भागातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. मराठी त्यांना वाचता येई. इंग्रजीचं तसं नव्हतं. समोरच्या कागदावरचं अक्षर ओळखायचं, तसा खिळा खणातून उचलायचा आणि ओळीत लावायचा. अख्खं इंग्रजी पुस्तक जुळवून झालं तरी त्यात काय लिहिलं आहे हे त्यांना ठाऊक नसे. मी त्यांची थोरली मुलगी, मॅट्रिक होऊन कॉलेजात गेलेली. माझ्या पोरीला इंग्रजी येतं, असं ते आमच्या वस्तीत सगळ्यांना सांगत.

मला येत नव्हतं. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती, बी.ए.चं पहिलं वर्ष. माझी शाळा मराठी, महापालिकेची. कॉलेजात इंग्रजी सक्तीचं होतं आणि इंग्रजीत गेलं की वर्षच गेलं. इंग्रजीचे सर वर्गात मराठीचा एक शब्द बोलत नसत. ते वाचत, पुढच्या बाकांवरची कॉन्व्हेंटची मुलं माना डोलवत आणि आम्ही मागचे सरांच्या तोंडाकडे बघत तास काढत असू. आपल्याला काही विचारू नये, एवढीच त्या पाऊण तासातली माझी प्रार्थना.

माझ्या बाकावर काटोलकडच्या एका खेड्यातली मुलगी बसायची. मुलींच्या वसतिगृहात राहायची. घरी शेती, वडील नव्हते, मोठा भाऊ सगळं बघायचा. ती कुणबी घरातली, आम्ही छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतलेले. हे दोघींनाही माहीत होतं आणि त्यावर आमचं कधी बोलणं झालं नाही. आम्हाला जोडून ठेवलं होतं ते एका भीतीनं. तिलाही इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं.

वडिलांना माझी अडचण अर्धवट समजली असावी. एका संध्याकाळी त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांच्या छापखान्यात इंग्रजी अर्जांच्या नमुन्यांचं एक पुस्तक छापायला आलं होतं. रजेचा अर्ज, फी माफीचा अर्ज, नोकरीचा अर्ज. त्यातलं एक जास्तीचं पान रद्दीत पडलं होतं.

"छापखान्यातून कागद बाहेर न्यायचा नाही असा मालकाचा हुकूम आहे," ते म्हणाले. "कोणाले सांगू नको."

मी ते पान मैत्रिणीला दाखवलं. कोरं करकरीत, कुठे खूण नाही, खाडाखोड नाही. आम्ही त्यातला रजेचा अर्ज पाठ केला. शब्दांवर मराठीत उच्चार लिहिले, कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसून एकमेकींचा म्हणून घेतला. 'सफरिंग' म्हणजे आजारी एवढं तिला शाळेतलं आठवत होतं; त्या वाक्याशी ती अडली.

"हे काही जमून नाही राहिलं वं. आजारी आहो कशानं, ते तं लिहिलंच नाही."

"छापलेलं आहे ना," मी म्हणाले. "छापलेलं कसं चुकन?"

"मंग इंग्रजीत असंच लिहत असतीन," ती म्हणाली आणि पुढं पाठ करू लागली.

सहामाहीत प्रश्न आला तो रजेच्या अर्जाचाच. माझी आणि तिची खुर्ची वेगवेगळ्या रांगेत होती. तिनं मागं वळून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हसली. पर्यवेक्षकांनीही ते हसणं पाहिलं. मी अर्ज घडाघडा उतरवून काढला. कॉलेजात आल्यापासून इंग्रजीच्या कागदावर माझा हात पहिल्यांदाच न थांबता चालला होता.

पेपर मिळाले त्या दिवशी सरांनी आम्हा दोघींना उभं केलं. आमचे दोन पेपर त्यांच्या हातात होते. माझ्या पेपरातलं एक वाक्य त्यांनी सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून वाचलं. मग तिच्या पेपरातलं वाचलं. तेच वाक्य. ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम यू.

पुढचे बाक आधी हसले. त्यांचं पाहून मागचे हसले. आम्ही दोघीच हसलो नाही, कारण काय झालं ते आम्हाला कळलंच नव्हतं. सरांचा चेहरा लाल होता. हसू थांबल्यावर ते मराठीत बोलले, वर्षात पहिल्यांदाच.

"या वाक्याचा अर्थ सांगा."

मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.

"तुम्ही लिहिलंय, की मी तुमच्यामुळं आजारी आहे, तेव्हा कृपा करून रजा द्या. स्पेलिंगच्या चुकाही दोघींच्या त्याच. 'स्टेट' लिहिताना दोघींनीही मधला टी खाल्लाय. ही थट्टा आहे की कॉपी?"

"कॉपी नाही केली सर," मी म्हणाले.

"परवा सकाळी अकराला प्राचार्यांच्या खोलीत. पालकांना घेऊन या."

कॉपी सिद्ध झाली तर वार्षिक परीक्षेला बसू देत नसत. बाहेर आल्यावर ती चालता चालता म्हणाली,

"दादाले बोलावलं तं तो मले घेऊनच जाईन. शिकवू नको म्हणणारे घरात पहिलेच चार आहेत." थोडं चालल्यावर ती थांबली. "मी सांगतो, मीच तुह्या पेपरात पाहिलं म्हणून. मले तं जाचंच आहे. तू तरी वाचशीन."

मी लगेच नाही म्हणाले नाही. हे लिहिताना आजही हात अडखळतो. आठ-दहा पावलं मी गप्प चालले आणि त्या पावलांत माझ्या मनात वार्षिक परीक्षा, आमची वस्ती, वडिलांचं तोंड सगळं येऊन गेलं. मग म्हणाले, "नाही. आपण पाहिलंच नाही तं काहून म्हणायचं?" पण ती आठ-दहा पावलं पडून गेली होती.

संध्याकाळी वडिलांना सांगितलं. त्यांनी ते पान मागितलं. खिडकीजवळ नेऊन एकेक अक्षर बोटानं चाचपत राहिले, आणि बोट एका जागी थांबलं.

"हे पहिलं प्रूफ आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"छापायच्या आधी चुका पाहाले काढतात ते. यात एक ओळ गळाली होती माह्याकडून. दोन ओळींच्या सुरुवातीले सारखंच अक्षर होतं, नजर घसरली. मालक लय बोलले होते त्या दिवशी. मंग दुरुस्त केली."

गळालेल्या ओळीत ताप होता, हे मला पुढं कळलं. तापानं आजारी आहे म्हणून विनंती करतो, असं ते वाक्य होतं. ताप आणि विनंती दोन्ही गेले आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना चिकटली.

"मंग बाबा, तुम्ही हे मले काहून आणून दिलं?" माझा आवाज चढला होता.

"मले काय मालूम वं बाई. इंग्रजी होतं म्हणून आणलं."

ते हे फार हळू बोलले. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तो कागद कॉलेजात नेला आन् मालकाच्या कानावर गेलं तं? पंधरा वर्षांची नोकरी आहे." वडिलांनी पानाची घडी केली. दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखे छापखान्यात गेले, आले, जेवले. कागदाचं नावही काढलं नाही. ते येतील की नाही हेही मला कळत नव्हतं.

प्राचार्यांकडे जायच्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला.

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही तिघं भिंतीजवळ उभे राहिलो. तिनं भावाला कळवलंच नव्हतं. पालक कुठे आहेत असं विचारल्यावर ती 'गावी' म्हणाली. सर प्राचार्यांशी इंग्रजीत बोलत होते. वडील कधी त्यांच्या ओठांकडे, कधी माझ्याकडे पाहत. सर काय म्हणताहेत हे मी त्यांना सांगावं, अशी त्यांची नजर होती. मलाही अर्धंच कळत होतं. पर्यवेक्षकांनी हसताना पाहिल्याचं सरांनी सांगितलं, तेवढं मात्र समजलं.

प्राचार्य वडिलांकडे वळले. "तुम्हाला काही सांगायचंय?"

वडिलांनी खिशातून पान काढून टेबलावर ठेवलं.

"पोरींची चूक नाही साहेब. चूक माझी आहे. या पानातली ओळ माझ्या हातून गळाली. त्यांनी यावरूनच पाठ केलं."

सरांनी पान उचललं. वाचलं, मग आमचे पेपर शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. टी गळालेला शब्द तिथं होता. ती दोन टोकं चिकटलेलं वाक्यही होतं.

"तुम्ही जुळवलंय हे?" सरांनी विचारलं. "म्हणजे तुम्हाला इंग्रजी येतं?"

"वाचता नाही येत साहेब. जुळवता येतं."

सरांनी चष्मा काढून पुसला. प्राचार्य म्हणाले, "कॉपीचा प्रश्न मिटला." त्यांनी पान परत दिलं. ते कुठून आलं, कोणत्या छापखान्यातलं, हे विचारलं नाही. आम्ही निघताना सर मला म्हणाले, "लिहिताना एकदाही वाटलं नाही, की आपण काय लिहितोय?"

वर्गातल्या हसण्यापेक्षा ते जास्त लागलं. तिला वाटलं होतं. मीच तिला गप्प केलं होतं.

वडील छापखान्याकडे गेले. व्हरांड्यात आम्ही दोघी उरलो तेव्हा मी तिला म्हणाले, "परवा तू बोलली ना, माह्यावर घेतो म्हणून... मी जरा वेळ..."

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "तुह्या तोंडावर दिसलं होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलून काय करतो? शेवटी नाही म्हटलं ना तूनं."

त्यानंतर आम्ही पाठ करणं सोडलं. ती फार कटकटी झाली. दर ओळीला पुस्तकावर हात ठेवायची आणि विचारायची, "म्हणजे काय?" दोघींनाही येत नसेल तर वाचनालयातला मोठा शब्दकोश उघडायचो. एका तासात अर्धं पान होई. कित्येकदा मला रडू येई, वेळ चालला म्हणून. वडिलांनी पुन्हा कागद आणला नाही. मालकांना काही कळलं नाही, पण पुढचे कितीतरी महिने मालकांनी हाक मारली की छातीत धस्स होतं, असं ते आईला सांगत.

वार्षिक परीक्षेत मी काठावर पास झाले. ती इंग्रजीत चार गुणांनी नापास झाली.

भाऊ तिला न्यायला आला. ती गेली, पण पावसाळा संपता संपता एकटीच पेटी घेऊन परत आली. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसायचं म्हणून भावाशी भांडली होती. वसतिगृहात जागा नव्हती. ती आमच्याकडे राहिली, आमच्या दोन खोल्यांत, माझ्या शेजारी अंथरूण टाकून. शेवटचा पेपर झाला त्या दुपारी ती म्हणाली, "यावेळी सगळं समजून लिहिलं. आता फेल झाली तरी माहं आहे."

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. तो दाराबाहेरच उभा राहिला. आईनं चहा विचारला तर म्हणाला, आत्ताच घेतला. "चाल," तो तिला म्हणाला. ती माझ्याजवळ जमिनीवर बसली होती, हातात कप होता. तिनं भावाकडे पाहिलं, पुन्हा कप तोंडाला लावला आणि पुरा पिऊन झाल्यावरच उठली.

निकाल नंतर लागला. ती पास झाली होती.