वाकडे बांबू

पिनांगच्या त्या गल्लीत बी ग्याकबाईंच्या संशयातून सुटलेला माणूस शोधूनच काढावा लागला असता. कोळंबीवाला वजनात मारतो, शेजारीण भिंतीला कान लावते. आणि नणंद स्वी इम सोंगट्यांचं माहजोंग खेळताना हातचलाखी करते, हे तर त्या देवळात उदबत्ती लावतानाही सांगत.

एके दुपारी डाव मांडताच त्यांनी सोंगटी आपटली. "वन्सं, संच बदललात ना? बघा, बांबू कसे वाकडे कोरलेत!"

"सोंगटीवरचे बांबू सरळच आहेत, वहिनी. वाकडी तुमची नजर!"

स्वी इम टोमणा मारायला गेली नि खरं बोलून बसली. बाईंनी डावा डोळा झाकला. उजव्याला बांबू सापासारखे वळवळताना दिसले, मधोमध करडा डाग. दुसऱ्याच दिवशी बाईंनी डोळ्यांचा दवाखाना गाठला.

डोळ्यांच्या डॉक्टर नूरैनींनी समजावलं, "आंटी, शरीरच एक प्रथिन सोडतं. जखम भरताना नव्या रक्तवाहिन्या फुटतात त्या त्याच्यामुळेच. तुमच्या डोळ्यात ते अती झालंय. पडद्यामागं नको त्या वाहिन्या फुटल्यात, त्या पाझरतात. वेळेत थांबवलं नाही तर या डोळ्याची मधली नजर कायमची जाईल."

"रक्त वाढलंय म्हणा की!" बाईंनी कान टवकारले. "तरीच! दर रविवारी वन्सं लाल बोरं घालून रक्त वाढवायचं सूप पाजतात. एवढी माया उगाच नव्हती!"

"सुपाचा काही दोष नाही. ते प्रथिन अडवणारं इंजेक्शन डोळ्यात द्यावं लागेल."

"डोळ्यात सुई? तुम्हाला वन्संनीच पढवलंय!" म्हणत बाई तडक घरी.

पुढच्या डावाला त्यांनी पुन्हा डावा डोळा झाकून समोर पाहिलं. नणंदेचे कुरळे केस होते, कानातले होते, मधला चेहराच गायब! हिचा चेहरा दिसला नाही तर लबाडी दिसणार कशी?

बाई सुईला तयार झाल्या. स्वी इमनं दवाखान्यात त्यांचा हात धरला. "धीर द्यायला धरलात, की माझी अंगठी चाचपायला?" बाईंनी विचारलंच.

काही महिने सुया झाल्या. डाग विरला, बांबू जवळजवळ ताठ झाले. मग एका डावात बाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "वन्सं, बाहीत काय?"

"रुमाल."

"रुमालावर बांबू कधीपासून उगवायला लागले?"

बाहीतून टपकन सोंगटी पडली. बाईंचा चेहरा असा उजळला, की लग्नातही उजळला नसेल. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना बातमी कळली होती. आणि पुढची सुई कधी, हे विचारायला बाईंनी त्याच दिवशी डॉक्टरांना आपणहून फोन लावला.