नातं नाही, असं तिने लिहून दिलं

फिलू आंटी काल दुपारी गेली. सरकारी फायलीत ती माझी फक्त घरमालकीण आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी बालगृहात वाढले. अठरा पूर्ण झाली की तिथून बाहेर पडावं लागतं. वाढदिवसाचा केक खायचा आणि बॅग भरायची.

माझं नर्सिंगला ॲडमिशन झालं होतं. बालगृहाच्या बाईंनी वेंगुर्ल्यात एक खोली बघून दिली. घर फिलू आंटीचं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. काजूच्या कारखान्यात बिया फोडायची, बोटं कायम काळी.

पहिल्या आठवड्यात मी माझं जेवण वेगळं करत होते. दुसऱ्या आठवड्यात तिने माझा स्टोव्ह उचलून माळ्यावर टाकला. "एका घरात दोन चुली? लोक काय म्हणतले?"

विषय संपला.

संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी सरकारची आफ्टरकेअर योजना आहे. एकवीस पूर्ण होईपर्यंत दर महिन्याला थोडी मदत मिळते. माझी फी त्याच्यावरच अवलंबून होती. मी अर्ज केला. ऑफिसातून साहेब घर बघायला येणार, असा निरोप आला.

आता, आपल्याकडे मुलीसाठी कोणी घरी येणार म्हटल्यावर बाई काय करते?

आंटीने अंगण सारवलं. चर्चला जायचा ड्रेस घातला. भाजलेले काजू बशीत काढले. माझा दहावीच्या सेंड-ऑफचा फोटो फ्रेम करून आणला आणि नवऱ्याच्या फोटोशेजारी लावला. तिला वाटलं, पोरीला नीट ठेवलंय की नाही, एवढंच बघायला साहेब येतोय.

साहेबांनी विचारलं, "ही तुमची कोण?"

"ह्या माझा चेडू."

"म्हणजे दत्तक घेतलंय?"

"दत्तक कसला? माझाच. खावा ते काजू, घरचेच आसत."

मी तिथेच उभी होते. एक वाक्य बोलले असते तर सगळं निस्तरलं असतं. नाही बोलले. मला कोणीतरी 'माझा चेडू', माझी मुलगी, म्हणतंय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. थोडा वेळ ऐकावंसं वाटलं.

साहेबांनी फोटो बघितला, काजू खाल्ले, लिहून घेतलं. महिन्याभराने पत्र आलं. अर्जदार कुटुंबासोबत राहत असल्याने योजनेस पात्र नाही.

साहेबांना दोष देत नाही. जे ऐकलं तेच त्यांनी लिहिलं.

कॉलेजने सांगितलं, फी नाही तर परीक्षा नाही. आंटी म्हणाली, "मी जास्त बियो फोडतंय." पण किती फोडणार? आम्ही दोघी ऑफिसात गेलो. टेबलावरच्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, यांच्याकडून लिहून घ्या, अर्ज पुन्हा उघडते. मजकूरही त्यांनीच सांगितला. सदर मुलीशी माझे कोणतेही नाते नाही. ती माझ्याकडे भाड्याने राहते.

आंटीने तो कागद दोनदा वाचून घेतला. मग पेन खाली ठेवला.

"मॅडम, रक्ताची नाय, इतक्याच लिवा. तेवढा खरा आसा."

"आजी, तेवढ्याने नाही चालणार हो."

"मग माका खोटा लिवूक सांगू नको."

मागे लाईन होती. लोक बघत होते. परीक्षा तोंडावर आली होती. मी तिच्यावर ओरडले.

"आंटी, सही कर! माझी फी भरूची आसा!"

तिने सही केली. एकेक अक्षर सावकाश.

येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर आधी भिंतीवरचा माझा फोटो काढला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला.

"परत सायब इलो तर?"

एवढंच म्हणाली. मला मनातून सुटल्यासारखं वाटत होतं, हेही लिहिते, कारण ते खरं आहे.

मदत मंजूर झाली. उशिरा यायची, पण यायची. मी परीक्षा दिली, पास झाले. आज गोव्यात स्टाफ नर्स आहे. ती योजना नसती तर नसते. कोणी विचारलं तर स्पष्ट सांगते, योजना चांगली आहे, वाढवा, पोरांना वेळेवर द्या. फक्त ज्याला कोणी नाही त्याला मदत, आणि कोणी मिळालं की ते लपवायचं, असा हिशोब कोणाच्या वाट्याला येऊ नये.

माझी एकवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा मदत बंद झाली. मी टेन्शनमध्ये. आंटी मात्र खुशीत. सकाळीच स्टुलावर चढली होती, हातात हातोडी, काखेत माझा फोटो.

"आता कोण सायब येवचो नाय."

आज सकाळी चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते. पुढे नातेवाईक. मासची प्रार्थना संपल्यावर दफनभूमीत नातेवाईक रांगेने उभे राहतात आणि लोक एकेकाला हात देऊन पुढे जातात. मी लोकांच्या बाजूला होते. तिचा म्हापशाचा भाचा रांग सोडून माझ्यापर्यंत आला.

"तू हंय कित्याक? तुझी जागा पयली."

मी पहिली उभी राहिले. कारखान्यातल्या बायका आल्या. एकेकीने माझा हात काळ्या बोटांनी घट्ट धरला. कोणीही विचारलं नाही, मी तिची कोण.

आंटी, त्या टेबलापाशी मी तुझ्यावर ओरडले. नंतर कितीतरी वर्षं आपण एका ताटात जेवलो, आणि त्याबद्दल मी तुला एकदाही सॉरी म्हटलं नाही. तुला त्याचं काही वाटलं नाही, असं मी धरून चालले होते.

सॉरी, आंटी.

सुखाने जा.