टाचेसाठी मागितलेलं वर्ष

कोणी रामराम घातला तरी मामांची नजर आधी त्याच्या टाचेकडे जायची. "जरा चालून दाखव बरं," म्हणायचे. अमडापुरात सगळ्यांना ही खोड ठाऊक होती. गावात आलेला नवा जावई मात्र बिचारा खरंच चालून दाखवायचा.

फौजेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ माझ्या नात्यातले कोणीच नव्हते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आम्हा पोरापोरींना पहाटे चिखली रोडवर धावायला न्यायचे, म्हणून सगळ्यांचे मामा. स्वतः सायकलवर, तोंडात शिट्टी, आणि शिट्टी थांबली की शिव्या. तुमच्याही गावात असा एखादा असेल.

भरती महिन्यावर आली आणि माझ्या उजव्या टाचेमागची शीर सुजली. खरं तर ती दिवाळीपासून दुखत होती. सकाळची पहिली दहा पावलं मी लंगडत टाकायची, मग पाय गरम झाला की विसरून जायची. एका मैत्रिणीशिवाय कोणालाच सांगितलं नाही. बाबांनी बजावलं होतं, या भरतीत लागलीस तर ठीक, नाहीतर लग्न. मुलाकडच्या पाहुण्यांना तसा शब्दही देऊन टाकला होता. तीच मैत्रीण म्हणाली, चिखलीत एक जण सुई टोचतो, आठ दिवस काही दुखत नाही. मी निघालेच.

तिनंच सांगितलं असावं, एसटीच्या थांब्यावर मामांनी गाठलं. त्यांनी आपला मोजा खाली केला. टाचेमागे आल्याच्या तुकड्यासारखी गाठ होती.

"म्या बी सुई घेतली होती. पलटणीची रेस होती. दुसऱ्या चकरीत वाटलं, मांगून कोणी गोटा मारला. वळून पाह्यलं तं कोणीच नाही. शीरच तुटली होती."

"पण मामा, माझं लग्न लावून देतील."

"चाल घरी."

बाबांसमोर ते बसलेसुद्धा नाहीत. "भाऊ, पोरीचं एक वर्ष मले द्या."

"अन् पाहुण्यायले काय सांगू?" बाबा तडकले. बरंच काही बोलले. शेवटी "करा मंग काय करायचं ते" म्हणत शेतात निघून गेले.

मग मामांच्या ओट्याची पायरी आणि मी. कडेवर चवडे, टाचा हवेत, आणि सावकाश खाली.

"दुखते?"

"थोडं."

"थोडं चालते. उद्या सकाळी जास्त दुखलं तं सांगजो."

पुढे पाठीवरच्या दप्तरात सोयाबीन भरलं, दर पंधरवड्याला थोडं वाढवत. मामी तूर पाखडता पाखडता हसायच्या, "पोरगी हाय का गाढव?" तिसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून मी गुपचूप जोरात धावले, आणि आठ दिवस पाय टेकवेना. आता शिव्यांची लाखोली, असं वाटलं. मामा नुसते म्हणाले, "काढ सोयाबीन. पह्यल्यापासून." मी ओट्यावर बसून रडले, आणि त्यांनी आत जाऊन माझ्यासाठी स्वतः चहा केला. फार गोड झाला होता.

पुढच्या भरतीत बुलढाण्याच्या मैदानावर मी आठशे मीटर धावले आणि लागले.

मामा गेल्या वर्षी गेले. मी रजा काढून आले. स्मशानातून परतलेले बाबा अंगणातच थांबले.

"त्या पाहुण्यायकडे मी गेलोच नाही," ते म्हणाले. "मले लाज वाटली. माह्या जागी मामा गेला सांगाले. सायकल बिघडली होती, तं तसाच पायी, त्या पायानं. त्या लोकायनं त्याले चारचौघात वाट्टेल ते सुनावलं. पोरीत काही खोट असंल म्हणे. तो म्हणे, पोरगी चांगली हाय, पाय दुरुस्त होऊन राह्यला."

वर्षभर मी रोज त्यांच्या ओट्यावर होते. मला त्यांनी एका शब्दानं सांगितलं नाही.