थोरल्या सुनेचं गाणं
ती लेखिका होती, पण घरचे तिला 'कागदखाऊ' म्हणत. घर रंगाऱ्यांचं. सूत रंगवायचा धंदा कधीच बंद पडला होता. आई-वडील गेल्यावर ती तिथेच राहिली, नव्वदीला टेकलेले मोठे काका आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे तिची आत्या, यांच्यासोबत. बायकांच्या गाण्यांवर पुस्तक लिहायचं म्हणून सहा वर्षं ती लोकगीतांचे, कवनांचे जुने संग्रह उपसत होती.

एका दुपारी ग्रंथालयातून आणलेल्या संग्रहात तिला हे दिसलं:

हौदघराला कडी बाहेरून,
आत कोंडली थोरली सून.
दारावर थापा, हाकेवर हाक,
अंगणभर माणसं, उघडतंय कोण?

खाली बारीक टीप होती: 'रंगारी बायकांकडून मिळालं. रचणारी अज्ञात.'

काकांची पहिली बायको पाय घसरून निळीच्या हौदात पडली आणि वारली, एवढंच तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पुढच्या कडव्यात हौदघराच्या तीन पायऱ्या होत्या, मधली फुटकी, आणि नवरा डावखुरा. काका डावखुरे. फुटकी पायरी अजून मागच्या अंगणात होती.

दोन दिवस तिने पुस्तक कपाटात दडवून ठेवलं. ज्या माणसाने तिला सायकल शिकवली, तापात जो उशाशी बसून राहिला, त्याच्या हातून चहाचा कप घेणं ती टाळू लागली. शेवटी काका जेवून आडवे झालेले पाहून ती आत्याच्या खोलीत गेली आणि पुस्तक पुढे धरलं.

आत्याने चष्मा चढवला, वाचलं आणि आधी उठून दार लोटलं.

"कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही. आत्या, हे खरं आहे?"

"हळू बोल. मीच रचलंय ते. नऊ वर्षांची होते. वहिनीला माहेरी जायचं होतं, हट्ट सोडेना, म्हणून कोंडली. अंधारात हौदात पडली. तोंड उघडायची चोरी, मग खेळता खेळता गुणगुणायचे. कामावरच्या बायकांनी उचललं, कुठल्या कुठे गेलं. तेव्हापासून धास्तीच आहे, कुणीतरी ओळखेल म्हणून."

बाहेर काठी वाजली. काका आत आले, पुस्तक हातात घेतलं, अगदी डोळ्यांजवळ नेलं. त्यांना वाचायला फार वेळ लागला.

"कडी मी नाही घातली. बाबांनी घातली," ते म्हणाले. "मी पायरीवर बसून होतो. बाबांची भीती वाटत होती."

"ती किती वेळ हाका मारत होती, दादा?" आत्याने विचारलं. सारा जन्म तिने या भावापुढे मान वर केली नव्हती.

काकांनी पुस्तक मिटलं. मग पुतणीकडे वळून म्हणाले, "तिच्या माहेरी कुणी उरलंय का बघ. तुझ्या पुस्तकात हे छापायच्या आधी त्यांना सांग."

पत्र गेलं. वहिनीच्या भाचीचं उत्तर आलं, मी येते. त्या दिवशी काका सकाळपासून धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते. रिक्षा दाराशी थांबली, तेव्हा तिघांपैकी कुणालाच उठवेना.

भाची आली. तिने सगळं ऐकून घेतलं, पाण्याला हात लावला नाही.

"गाणं म्हणा," ती आत्याला म्हणाली. "पूर्ण."

आत्या म्हणायला लागली. काकांनी कानांकडे हात नेले, पण भाची त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी ते खाली घेतले.