टोपाची बारीक नळी

मला कुणाचं बोलणं सहसा पटत नाही. आई म्हणायची, ही पोर दूधसुद्धा हुंगून पिते. मिठाचा सत्याग्रह होऊन गेल्यावर काही वर्षांनी आम्ही नवराबायको रेवसजवळ खाडीकाठच्या एका कारखान्यात कामाला लागलो. तिथं हा स्वभाव पहिल्यांदा कामी आला.

मुंबईच्या लाँची तिथं काठावर ओढून त्यांचा गंज काढत. आधी छिन्नी-हातोड्यानं काढायचे, मग मालकानं वाळू मारायचं यंत्र आणलं. एक लोखंडी टाकी, नारळीच्या झापांच्या पडवीमागं तेलाच्या इंजिनावर चालणारा हवेचा पंप आणि एक जाड नळी. तिच्या तोंडातून वाळू अशी सुटायची की माणसाच्या अंगावर आली तर सालपटं निघावीत. नळी धरायचं काम यांच्याकडे, वाळूचं माझ्याकडे. पुळणीवरची वाळू गोड्या पाण्यात धुऊन खार काढायचा, चटईवर कडकडीत वाळवायची आणि चाळून शिंपल्यांचे तुकडे वेगळे करायचे. जरा ओल राहिली की नळी तुंबलीच.

मिस्त्रीनं सुरुवातीलाच सगळ्यांना बजावलं होतं. नळीचे सांधे रोज तपासा, वारा पाठीवर घ्या, नळीसमोर कुणी फिरकू नका. यांना त्यानं जाड कापडाचा, पुढं काच लावलेला टोप दिला. पंपापासून एक बारीक नळी त्या टोपाला जोडलेली होती. तिच्यातून चांगली हवा येत राहिली की धूळ आत शिरत नाही, असं मिस्त्री म्हणाला. ऐकायला छान होतं.

होळीनंतर हे खोकायला लागले. कोरडा, खोल खोकला. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी भांडते.

"टोप काढून बिडी वढता तुमी."

"न्हाय गो. टोप डोक्यावरच आसतो."

एका सकाळी मी टोपाखाली यांच्या नाकावर धुतलेल्या धोतराची पांढरी पट्टी बांधली आणि वाळू चाळताना दिवसभर नजर ठेवली. टोप काही हलला नाही, तोंडालाही बिडीचा वास नव्हता. तरी संध्याकाळी पट्टी करडी झालेली. कुठंतरी पाणी मुरत होतं. माझा संशय मिस्त्रीवर गेला, कारण तो फार गोड बोलायचा.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मालकाकडे गेलेला पाहून मी चाळण टाकली आणि जमिनीवरच्या नळ्या चाचपत निघाले. जाड नळी हाताखाली थरथरत होती. बारीक नळी शिजलेल्या पडवळासारखी मऊ पडली होती. पडवीमागं पंपावर तिची तोटी बंद होती, आणि कुणी उघडू नये म्हणून वर सुंभ आवळलेला. मिस्त्रीला मनात शिव्या देत मी सुंभ सोडायला गेले आणि माझा हात थांबला.

हे डावखुरे आहेत. यांची गाठ उलटी पडते. आमच्या अंगणातली धुण्याची दोरी तशाच गाठीनं बांधलेली होती.

मी गाठीला हात लावला नाही. खाडीचं पाणी घागरीत भरून आणलं आणि टाकीजवळच्या वाळवलेल्या ढिगावर ओतलं. थोड्याच वेळात नळी तुंबली. हे टोप काढून आले.

"ह्ये काय केलंस?"

"तोटीवरची तुमची गाठ बघून आले."

हे तिथंच खाली बसले. "दोनी नळ्यांना हवा पुरत न्हाय. गंज हळू निघतो. मिस्त्री म्हनला, तुज्या जागी मुंबयचा मानूस आनतो. मंग मीच तोटी बांधली."

"आनि तुमच्या मागं मी काय करायचं, ते इचारलंत काय मिस्त्रीला?"

मिस्त्री आला, ओरडला. तोटी उघडी राहणार नसेल तर वाळू सुकणार नाही, एवढंच मी सांगितलं. येत्या मोठ्या भरतीला लाँच पाण्यात जायची होती, म्हणून त्याला ऐकावं लागलं. यांनीच सुंभ सोडला. तेव्हापासून मी चाळण घेऊन तोटीजवळच बसायला लागले.

पट्टी पांढरी राहायला लागली. खोकला मात्र गेला नाही.

आता ते काम सुटलं आहे. दुपारी जेवून हे आडवे झाले की मी यांच्या नाकापुढं हात धरते. डोळे न उघडताच म्हणतात, "जिता हाय गो." यांच्या बोलण्यावर मी हात काढत नाही. हवा लागल्यावर काढते.