हिरव्या महेश्वरीची हजेरी

सदर महिला नामे श्रीमती भानुमती विनायक पागे, वय निवृत्तीच्या आसपास, राहणार मल्हारगंज, इंदूर. वर्ण गव्हाळ, बांधा मध्यम, चष्मा आहे. मूळ घराणे होळकरांच्या पागेत चाकरीला. हल्ली घराण्यात घोडा नाही. हुद्दा वरिष्ठ साठा पर्यवेक्षक, साडी विभाग, एका फॅशन कंपनीचे सांवेर रोडवरील गोदाम. वर्तणूक समाधानकारक. विशेष कौशल्य: वस्तू जागेवर ठेवणे. देवधर्म मध्यम. भुताखेतांवर विश्वास असल्याची नोंद नाही.

या नोंदीत खोटं काही नाही. भानुमतीबाईंना खरोखरच वस्तू जागेवर लागत, आणि माणसंही. गोदामातल्या पोरी टेबल सोडून उठल्या की त्या चष्म्यावरून बघत. भुतांबद्दल त्यांचं मत असं की असतील तर असोत, पण ड्यूटीच्या वेळात नकोत.

गोदामात पूर्वी माल मोजायचा म्हणजे सगळ्यांनी मिळून गठ्ठे उपसायचे, आणि शेवटी मोजणी चुकली की एकमेकांकडे बघायचं. मग पुण्याहून ऋग्वेद आला. वय तिशीच्या आत, दाढी कोरलेली. त्याने प्रत्येक कपड्याच्या काठात आतून एक पांढरी पट्टी शिवून घ्यायला लावली. पट्टीत केसाएवढी तार. दारावर दोन उंच फळ्या लावल्या, त्या रेडिओ लहरींनी विचारणार, आणि पट्टी आपला नंबर सांगणार. गठ्ठा उघडायची गरज नाही.

"म्हणजे आपण हाक मारायची आणि साडी ओ देणार?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"तसंच समजा, मॅडम. विचारलं तर उत्तर देते. स्वतःहून बोलत नाही."

"मतलब आमच्या सुनेपेक्षा चांगली," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

फळ्या सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळा साठा जुळला. फक्त एक साडी जुळेना. हिरवी महेश्वरी, नारळी काठाची. सिस्टिम म्हणे ती गोदामात आहे. रॅकवर ती नव्हती. आणि संध्याकाळी सुट्टीच्या वेळी तिची नोंद व्हायची, 'बाहेर'. सकाळी पाळी सुरू होताना पुन्हा नोंद व्हायची, 'आत'. रोज. रविवारी सुट्टी.

"भिया, आपल्यापेक्षा साडीची अटेंडन्स पक्की आहे," दारावरचा गोपीनाथ म्हणाला. "तिला परमनंट करून टाका."

ऋग्वेदला हसू आलं नाही. त्याने फळ्यांचं तोंड वळवलं, त्यांची ताकद कमी केली, शेजारचं पत्र्याचं कपाट हलवलं. लहरी पत्र्यावर आपटून भलतीकडून परत येतात, असं तो सगळ्यांना समजावून सांगत होता. कपाट हलवल्यावरही साडी वेळेवर आली.

मग त्याने दारावरच्या कॅमेऱ्याशी वेळ ताडून पाहिली. साडीची नोंद होते त्या क्षणी दारात नेहमी एकच मुलगी असते. रुची.

रुची पॅकिंगला होती. तिची आई शारदा त्याच टेबलावर वर्षानुवर्षं काम करत होती; रंगपंचमीच्या आदल्या रात्री ती गेली, हृदय बंद पडून. कंपनीने आईची जागा मुलीला दिली, हे कंपनीच्या मासिकात फोटोसह छापून आलं होतं. घरात वडील शामराव, ते दारुडे नाहीत, पण शारदा गेल्यापासून ते बसले तर बसूनच राहतात. घर रुचीच्या पगारावर चालायचं.

निधी मॅडम म्हणजे कर्मचारी विभाग. त्या मुंबईहून व्हिडिओवर आल्या. "मुलगी रोज साडी घालून जाते आणि परत आणते, किंवा नुसती पट्टी काढून फिरवते. दोन्ही चोरीच. शनिवारपर्यंत कबूल केलं तर ठीक, नाही तर पोलीस."

रुचीची पिशवी तपासली. डबा, कंगवा, अर्धा पारले. महिला सुरक्षा रक्षकाने तिला आत नेऊन तपासलं. रुची बाहेर आली तेव्हा ओढणीची पिन लावायचं विसरली होती. ती भानुमतीबाईंपाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, माझ्याकडे हिरवी साडीच नाही हो. आई की कसम."

"आईला मधे आणू नकोस," भानुमतीबाई एकदम म्हणाल्या. इतक्या जोरात, की शेजारच्या टेबलावरच्या टेपचा आवाज थांबला.

शुक्रवारी सकाळी ऋग्वेदने हातातलं यंत्र आणलं. पिस्तुलासारखं दिसतं, हरवलेल्या कपड्याचा नंबर घातला की जवळ जाल तसं ते भराभर टिकटिकतं. रुचीला त्याने मधल्या वाटेवरून चालत जायला सांगितलं. मागे तो. सगळ्या पोरी काम सोडून बघत होत्या आणि भानुमतीबाई कुणावरही ओरडल्या नाहीत.

यंत्र टिकटिकू लागलं. ऋग्वेदने ते रुचीच्या पाठीवर धरलं. आवाज मंदावला. डोक्याशी नेलं, मंदावला. उजवीकडे, गप्प. मग हात डावीकडे सरकला तसा आवाज एकसलग झाला. तो थांबला. यंत्र हवेत होतं. रुचीच्या डाव्या अंगाला, एक पाऊल मागे, कमरेच्या उंचीवर.

"पुढे चल," तो म्हणाला.

रुची चालली. आवाजही चालला. ती वळली तशी टिकटिक क्षणभर मागे पडली आणि मग, थोडी घाई करून, पुन्हा तिच्या डाव्या अंगाला येऊन लागली.

शारदाचा गुडघा गेलेला होता. ती कुणाच्याही बरोबर चालताना डावीकडून, एक पाऊल मागे चालायची, आणि वळणावर मागे राहायची, आणि मग "थांब गं, बाई" म्हणत गाठायची. हे गोदामातल्या जुन्या बायकांना माहीत होतं. एकीने पदर डोक्यावर घेतला.

भानुमतीबाई ऋग्वेदच्या काचेच्या खोलीत गेल्या आणि दार लावून बसल्या.

"ती साडी मी नेली," त्या म्हणाल्या. "पोरीला सोडा."

"मॅडम, तुम्ही तिला वाचवायला..."

"ऐकून तर घ्या जी. आमच्यात सवाष्ण गेली ना, की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. हिरवं, कोरं. शारदाच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. अंगणात बायका बसलेल्या, माहेरचं कोण आणणार, माहेरचं कोण आणणार. मी म्हटलं, मी आहे ना. बोलून तर टाकलं, पण त्या दिवशी रंगपंचमी. आपल्याकडे रंगपंचमीला दुकान कुठलं उघडं? राजवाड्यापर्यंत सगळं बंद. रस्त्यात गेरची मिरवणूक, टँकरमधून रंग उडतोय. घरात माझ्या कोरी हिरवी साडी एक नाही. मग मी इकडे आले. गोपीनाथने दाराचं कुलूप उघडलं, साठ्याची किल्ली तर माझ्याकडेच. माझी पिशवी कधी कुणी बघितली नाही."

"फळ्या तेव्हा सुरू नव्हत्या," ऋग्वेद हळूच म्हणाला.

"नव्हत्या. पट्ट्या शिवून झाल्या होत्या. मी शारदाला ती नेसवली तेव्हा काठात पांढरी पट्टी हाताला लागली. कात्री मागायची ती वेळ होती का? आत खोचली. दुसऱ्या दिवशी येऊन पैसे भरणार होते. तर दुसऱ्या दिवशी राख सावडायची होती. मग म्हटलं दहावा होऊ दे. मग कुठल्या तोंडाने सांगायचं तेच कळेना."

ऋग्वेदने टेबलावरचा पेन सरळ ठेवला. "म्हणजे ती साडी..."

"जळली. बड्या गणपतीच्या चौकातून तिची शेवटची गाडी गेली तेव्हा वरून कुणी गुलाल टाकला, तोही तिच्यावर पडला. सगळं जळलं."

"जळलेली पट्टी उत्तर देऊ शकत नाही, मॅडम. आत तार असते, ती वितळते. शक्यच नाही."

"मी कुठे म्हणते शक्य आहे," भानुमतीबाई म्हणाल्या. "मशीन तुमची आहे. तुम्ही हाक मारलीत. मी तर मारली नव्हती."

ऋग्वेद चांगला मुलगा होता. त्याने निधी मॅडमना दोनदा फोन केला, बाईंच्या पगारातून साडीची किंमत वळती करा म्हणाला. निधी मॅडमचं म्हणणं असं की प्रश्न साडीचा नसून किल्लीचा आहे; ज्या बाईकडे साठ्याची किल्ली, तिनेच साठा उचलला, तर उद्या कुणाला काय सांगायचं? यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. भानुमतीबाईंनीही काढली नाही. रुचीवरचा आळ गेला, हे कागदावर लिहून आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय मात्र त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत.

शनिवार हा त्यांचा शेवटचा दिवस. समोसे आले, भाषण झालं नाही. गोपीनाथ म्हणाला, "बाई, आता चष्म्यावरून कोण बघणार आमच्याकडे?" त्या म्हणाल्या, "तू काम कर, म्हणजे कुणी बघायची गरज नाही." रुचीने वाकून नमस्कार केला. मग सुट्टी झाली आणि भानुमतीबाई सगळ्यांच्या आधी, एकट्या, फळ्यांमधून बाहेर गेल्या. रुची अजून टेबलावर टेप गुंडाळत होती.

सोमवारी दुपारी रुचीचा फोन आला.

"मावशी, शनिवारी तुम्ही गेलात ना, तेव्हाच साडीची नोंद झाली. बाहेर. मी आतच होते. सरांनी दाखवलं."

"बरं."

"आज मी आले तर काहीच नाही. आतची नोंदच नाही. सरांनी मला तीनदा येरझाऱ्या घालायला लावल्या." "आई तुमच्याबरोबर गेली वाटतं."

"गुडघा दुखत असेल तिचा," भानुमतीबाई म्हणाल्या. "सांवेर रोड लांब पडतो. तू जेवलीस का?"

"जेवले."

फोन ठेवल्यावर त्या भाजी आणायला निघाल्या. मल्हारगंजातल्या शेजारणी सांगतात, की हल्ली बाई गल्लीत हळू चालतात, आणि वळणावर थोडं थांबतात. वयच आहे तसं.

त्यानंतर त्या साडीची नोंद कधी झाली नाही. सिस्टिममध्ये ती 'बाहेर' अशीच आहे, आणि ऋग्वेदने तिला नष्ट मालाच्या खात्यात टाकायचं अजून मनावर घेतलेलं नाही. बाकी साठा जुळतो. कंपनीच्या दप्तरी नमूद आहे की श्रीमती भानुमती विनायक पागे यांनी व्यक्तिगत कारणास्तव, स्वेच्छेने आणि कोणतीही तक्रार नसताना सेवेतून निवृत्ती पत्करली असून व्यवस्थापन त्यांच्या पुढील आयुष्यास शुभेच्छा देते.

त्यांना काढलं.